प्रवाळ शुश्रूषा (लहान खाऱ्या टाकीतील)

रंग गेलेल्या, आक्रसलेल्या किंवा मांस सोडू लागलेल्या प्रवाळाला ४० ते १०० लिटरच्या घरगुती सागरी मत्स्यालयात पुन्हा तगवण्याची पद्धत. एवढ्याशा पाण्यात तापमान आणि क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) काही तासांत बदलते, त्यामुळे औषधांपेक्षा स्थिर पाणी आणि वेळच्या वेळी अन्न यांवरच सगळी भिस्त असते.

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. उष्णता किंवा प्रकाश सोसवेनासा झाला की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी असतो. टॉर्च तिरपा धरून पाहिले की सांगाड्यावरचा पातळ, ओलसर पापुद्रा ओळखू येतो. मेलेल्या भागावर मात्र काही दिवसांतच हिरवट-तपकिरी शेवाळ धरते.

पहिले काम तापमानाचे. २५ ते २६ अंश सेल्सिअस उत्तम. ३० अंशांच्या वर काही दिवस राहिल्यास अनेक प्रवाळ विरंजित होऊ शकतात. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत टाकीला हाच धोका सर्वाधिक असतो. पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास पाणी २ ते ३ अंशांनी उतरते, पण बाष्पीभवन वाढते. ६० लिटर पाण्यातले २ लिटर उडाले तर क्षारता दर हजारी ३५ भागांवरून ३६च्या पुढे जाते. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोज आरओचे गोडे पाणी घालावे. इथे खारे पाणी घातले तर मीठ साचत जाते. बर्फ टाकून एकदम गारवा आणू नये.

रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याचे उपकरण) विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) ८ ते ९ डीकेएच ठेवावी. अल्कलिनिटीच्या उड्यांमुळे अनेक प्रवाळ मरतात. ती कमी भरली तर ६० लिटरला १.८ ग्रॅम खाण्याचा सोडा १ डीकेएच वाढवतो. तो आरओ पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून, प्रवाहाच्या तोंडाशी हळूहळू ओतावा. बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

पाणी ‘अतिस्वच्छ’ करण्याचा हव्यासही घातक ठरतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की प्रवाळ फिकटतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा चिकट, बुडबुडे धरणारा थर वाळूवर पसरतो. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्यावे. पाणी आठवड्याला १० टक्के बदलावे; नवे पाणी त्याच तापमानाचे, त्याच क्षारतेचे आणि आदल्या दिवशी कालवून ठेवलेले असावे. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे या टाकीत कधीही घालू नयेत.

विरंजित प्रवाळ तळाशी, मंद प्रवाहात ठेवून एलईडीची तीव्रता निम्म्याखाली आणावी आणि रंग दिसू लागल्यावर दर आठवड्याला सुमारे ५ टक्क्यांनी वाढवावी. मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे तोंड आणि स्पर्शक असलेला प्रवाळाचा एकेक जीव) प्रवाळ हाताने भरवता येतात. दिवे मालवल्यावर स्पर्शक बाहेर आले की पंप १५ मिनिटे बंद करून वितळवलेला गोठवलेला आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा खाऱ्या पाण्यातला जीव) पिपेटने तोंडाजवळ सोडावा, आठवड्यातून दोनदा. तुकडा तोंडात जायला वेळ लागतो. तोवर कोळंबी आणि हर्मिट खेकडे तो पळवत नाहीत ना, हे पाहावे. न खाल्लेले लगेच काढावे.

युफिलिया या मोठ्या पॉलिपच्या प्रवाळावर तपकिरी, दुर्गंधीयुक्त जेली दिसली तर थांबू नये. फांदी बाहेर काढून जेली सायफनने ओढून घ्यावी, निरोगी सांगाड्यात थोडे आत जाऊन बोन कटरने छाटावे, आयोडीनच्या सागरी डिपमध्ये (प्रवाळ बुडवून धुण्याच्या द्रावणात) बाटलीवरील मात्रेनुसार बुडवावे आणि उरलेला तुकडा सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंदाने प्लगवर (तुकडा बसवण्याच्या छोट्या बैठकीवर) चिकटवावा. झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे प्रवाळासारखे मऊ जीव छाटताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. असे खडक उकळू नयेत, वाफही बाधते.

गेलेल्या प्रवाळाच्या जागी समुद्रातून तुकडा आणण्याचा विचार करू नये. खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि त्यात मालवणच्या समुद्रातले प्रवाळही आले.

सुधारणा मंद असते. आधी रात्री स्पर्शक पुन्हा बाहेर येतात, मग काही आठवड्यांत तपकिरी छटा परतते, कारण शैवाल आधी वाढते. निळे-हिरवे तेजस्वी रंग आणि कडेची नवी वाढ यांना कित्येक महिने लागतात. या काळात जागा वारंवार बदलल्यास प्रवाळाला दर वेळी नव्या प्रकाशाशी आणि प्रवाहाशी जुळवून घ्यावे लागते.