ग्रिझलीच्या मुलखात चालताना

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचं सोंग घेतो, अस्वल त्याला हुंगतं आणि निघून जातं. गोष्टीचं तात्पर्य मैत्रीबद्दलचं, पण तिच्यात प्राणिशास्त्राचे दोन सल्ले आहेत. झाडावर चढा, हा पहिला. तो साफ चुकीचा, कारण अमेरिकेतलं काळं अस्वल तुमच्याआधी शेंड्यावर पोचेल आणि ग्रिझली, म्हणजे तिथलं तपकिरी अस्वल, हीही जमेल तितकं चढते. मेल्याचं सोंग घ्या, हा दुसरा. तो कधी जीव वाचवतो आणि कधी जीव घेतो.

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी आता यलोस्टोन, ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं नुसती गाडीतून बघत नाहीत. पाठीवर तंबू घेऊन तीन-चार दिवसांसाठी ‘बॅककंट्री’त शिरतात, म्हणजे जिथे गाडीरस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही आणि मदत यायला कित्येक तास लागतात अशा भागात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या इथल्या काळजीत पडलेल्या आईवडिलांसाठी आधी एक आकडा. यलोस्टोनच्या नोंदींनुसार ग्रिझलीने माणसाला जखमी करण्याचं प्रमाण साधारण २७ लाख भेटींमागे एक इतकं आहे. बॅककंट्रीत पायी चालणाऱ्यांसाठी धोका वाढतो, तरी तोही सव्वादोन लाखांहून जास्त ‘माणशी-दिवसां’मागे (एक माणूस एक दिवस चालला की एक) एक एवढाच. उलट १९७० पासून तिथे अस्वलाने जखमी केलेल्यांपैकी ९१ टक्के लोक एकटे किंवा दुकटे चालत होते. सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, पण तिसरा आणि चौथा गडी सोबत घ्या.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो एका भयंकर रात्रीनंतर. १३ ऑगस्ट १९६७ च्या पहाटेपूर्वी ग्लेशियर उद्यानात, एकमेकांपासून काही मैलांवर, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी १९ वर्षांच्या दोन मुलींना ठार केलं. उद्यान १९१० सालचं. तोवर तिथे अस्वलाने एकही माणूस मारला नव्हता. पुढे चौकशीत जे निघालं ते लाजिरवाणं होतं. त्यातल्या एका ठिकाणी डोंगरावरच्या विश्रामगृहामागे रोज रात्री खरकटं टाकलं जायचं आणि ते खायला येणाऱ्या ग्रिझली बघणं हा पाहुण्यांचा करमणुकीचा कार्यक्रम होता. माणूस म्हणजे जेवण, हे त्या अस्वलांना आपणच शिकवलं होतं. दुसऱ्या ठिकाणची मादीही त्या उन्हाळ्यात छावण्यांवर धाड घालून अन्न पळवत होती.

या घटनेने स्टीफन हरेरो या संशोधकाला हल्ल्यांच्या अभ्यासाकडे वळवलं. कॅल्गरी विद्यापीठात राहून त्यांनी शेकडो हल्ल्यांच्या नोंदी जमवल्या आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला: अस्वलाला काय हवं होतं? उत्तरं मुख्यतः दोन निघाली. एक तर ‘माझ्यापासून लांब हो’, नाहीतर ‘मला तुला खायचंय’. पहिला बचावाचा हल्ला, दुसरा शिकारीचा. सुरक्षिततेचे सगळे नियम या एका फरकातून निघतात.

ग्रिझली आणि काळं अस्वल यांचे स्वभाव इतके वेगळे का, याचं हरेरोंनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. काळं अस्वल जंगलात घडलं. धोका दिसला की आई पिल्लांना झाडावर पिटाळते आणि स्वतःही सटकते; तिला लढण्याची गरजच पडत नाही. ग्रिझली घडली ती झाडं नसलेल्या उघड्या माळावर. तिथे पिल्लं लपवायला जागा नाही, पळायला आडोसा नाही, म्हणून जवळ आलेल्या कोणावरही आधी धावून जाणाऱ्या आईचीच पिल्लं जगली. हजारो पिढ्यांनंतर आज पाइनच्या जंगलात राहत असली तरी तिच्या अंगात तो माळ आहे.

आपल्याकडचं अस्वल या तर्कात चपखल बसतं. मेळघाटात, ताडोब्यात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जे अस्वल आहे त्याचा जन्म वाघ आणि बिबट्यांच्या शेजारात झाला. बिबट्या झाडावर चढतो, म्हणजे झाडाचाही भरवसा नाही. म्हणून आपली अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते आणि अचानक कोणी समोर आलं की सरळ अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि पुढे तेंदूपत्त्याला भल्या पहाटे जंगलात जाणाऱ्या बायाबापड्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

आता चालताना काय करायचं? बचावाचा हल्ला जवळजवळ नेहमी दचकण्यातून होतो, तेव्हा अस्वलाला दचकवायचं नाही. बोला, टाळ्या वाजवा, वळणाआधी ‘होऽऽ’ करून आवाज द्या, अंताक्षरी खेळा. जिथे ओढा खळाळतोय, वारा समोरून येतोय, वाट दाट झुडपांतून जातेय तिथे दुप्पट मोठ्याने, कारण तिथे त्याला तुमचा आवाजही जात नाही आणि वासही. बॅगेला लावायची छोटी घुंगरं दुकानात मिळतात. ती हौसेपुरती ठीक, त्यांच्या भरवशावर राहू नका. माणसाचा आवाज लांब जातो आणि तो माणसाचा आहे हे अस्वलाला कळतं. वाटेत कावळ्यांसारखे रेव्हन घिरट्या घालताना दिसले किंवा कुजका वास आला तर आल्या पावली मागे फिरा. मेलेल्या एल्कवर, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणावर, बसलेली ग्रिझली तुमचं काहीही ऐकून घेणार नाही.

शरद ऋतूत हे सगळं अधिक कडक पाळायचं. हिवाळी झोपेआधी ग्रिझलीला दिवसाला २०,००० उष्मांकांपर्यंत खायचं असतं, त्यामुळे ती दिवसरात्र चरत असते, डोकं खाली घालून. यलोस्टोनभोवतीच्या उंच खडकाळ उतारांवर तर उन्हाळ्याच्या अखेरीस ग्रिझली दगड उलथून पतंग खातात. एक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत पतंग फस्त करतं. खांद्यावरचं ते प्रसिद्ध वशिंड म्हणजे हे खणण्याचं, उलथण्याचं यंत्र आहे, निव्वळ स्नायू. ग्रिझली ओळखायची ती या वशिंडावरून, खोलगट चेहऱ्यावरून, आखूड गोल कानांवरून आणि बोटभर लांब नख्यांवरून. रंगावर जाऊ नका. ‘काळी’ अस्वलं दालचिनी रंगाची असतात, तपकिरी असतात, काही तर जवळपास पांढरीही.

अंतराचा नियम यलोस्टोनमध्ये १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर आहे. अलास्कातल्या डेनालीत ३०० यार्ड. तो का, हे २०१२ च्या ऑगस्टमध्ये डेनालीत दिसलं. एकटा चालणारा एक माणूस नदीकाठी चरणाऱ्या ग्रिझलीचे फोटो काढत सात-आठ मिनिटं उभा राहिला, तेही नियमापेक्षा कितीतरी जवळून. कॅमेरा नंतर सापडला. बहुतेक चित्रांत अस्वल निवांत खातंय. शेवटच्या काहींत त्याने मान वर केली आहे. त्या उद्यानाच्या इतिहासातला तो अस्वलाने घेतलेला पहिला बळी.

ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरने धावते. हिशेब करा: सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ३० मीटरवरून तुमच्यापर्यंत यायला दोन सेकंद. उसेन बोल्टलाही जे जमणार नाही ते आपल्याला जमणार नाही, तेव्हा पळायचं नाही. आणि म्हणूनच बेअर स्प्रे बॅगेत नव्हे, कमरेला किंवा छातीवरच्या पट्ट्याला हवा. हा स्प्रे म्हणजे दाबाखाली भरलेला मिरचीचा अर्क. त्यातलं कॅप्सेसिन डोळ्या-नाकातल्या ज्या चेतातंतूंना झोंबतं ते अस्वलातही आहेत आणि आपल्यातही, फक्त अस्वलाला सावजी रश्श्याची सवय नाही. अस्वल ९ ते १८ मीटरवर आलं की किंचित खाली नेम धरून फवारायचं, म्हणजे मध्ये ढग तयार होतो आणि ते त्यात शिरतं. डबा सात-आठ सेकंदांत रिकामा होतो, तेव्हा सगळा एका दमात उडवू नका.

टॉम स्मिथ, हरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने काम केलं आणि अगदी जवळच्या गाठीभेटीतही स्प्रे बाळगणारे ९८ टक्के लोक बिनजखमी सुटले. याच गटाने पुढे बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या, तेव्हा बंदूक चालवणारे आणि जवळ असून न चालवणारे यांच्या नशिबात लक्षणीय फरक सापडला नाही. धावत्या अस्वलावर दोन सेकंदांत नेम धरणं सिनेमात सोपं असतं. एक इशारा मात्र: डासांच्या औषधासारखा हा स्प्रे तंबूवर मारू नका. वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलांना उलट ओढून आणतो, हेही स्मिथ यांनीच नोंदवलं आहे.

रात्रीच्या मुक्कामात खरा शत्रू आपला डबा. चिवडा, ठेपले, मेतकूट, लोणच्याची पुडी हे तर आहेच. पण टूथपेस्ट, सनस्क्रीन, खोबरेल तेल, बाम हेही अस्वलाच्या लेखी अन्नच. स्वयंपाक तंबूपासून १०० यार्डांवर करायचा, शक्यतो वारा तंबूकडे जात नसेल अशा बाजूला. वास येणारं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या कॅनिस्टरमध्ये, किंवा झाडाला जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट बाहेर टांगून. स्वयंपाक केलेले कपडेही तिकडेच. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात दोन्ही कानांत पिवळे बिल्ले असलेली एक छोटी काळी मादी होती, ‘यलो-यलो’ म्हणून ओळखली जायची. एका लोकप्रिय कॅनिस्टरचं झाकण दाबून फिरवायला ती शिकली, जे काही माणसांनाही धड जमत नव्हतं. कंपनीने दुसरी खिट्टी बसवली, तर तिने तीही उघडली.

एवढं करूनही अस्वल समोर आलंच तर त्याच्याकडे नीट बघा. फुसफुसतंय, दात वाजवतंय, पंजा जमिनीवर आपटतंय? ते घाबरलेलं आहे, त्याला जागा हवी आहे. शांत आवाजात बोलत, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा. धावून आलं तरी जागचे हलू नका. बऱ्याचदा ही हूल असते आणि ते काही पावलांवर थबकतं. ग्रिझलीने प्रत्यक्ष अंगाला हात घातला तरच पालथं पडायचं: पाठीवर बॅग तशीच, बोटं मानेमागे गुंफलेली, पाय फाकलेले, म्हणजे ती सहज उलथवू शकत नाही. ती गेल्यावरही काही मिनिटं तसंच पडून राहा.

भीती वाटायला हवी ती आवाज न करणाऱ्या अस्वलाची. कान पुढे, नजर तुमच्यावर, तुम्ही वाट बदलली की तेही बदलतं, किंवा रात्री तंबूत नाक खुपसतं. हा शिकारी. इथे सोंग घेणं म्हणजे ताट वाढणं. दगड, काठी, चाकू, मुठी, जे मिळेल ते त्याच्या नाकाडोळ्यांवर. काळ्या अस्वलाच्या प्रत्यक्ष हल्ल्यात तर नेहमीच लढायचं. १९०० ते २००९ या काळात काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारली आणि त्या प्राणघातक हल्ल्यांपैकी ८८ टक्के शिकारीचे होते. त्यातही पिल्लांच्या आया कमी. बहुतेक एकटे नर.

भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की बेअर स्प्रे हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही. तो उद्यानाजवळच्या दुकानात विकत घ्या, काही ठिकाणी भाड्यानेही मिळतो, आणि डब्यावरची मुदत बघा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात जाणार असाल तर घेऊच नका. तिथे त्यावर बंदी आहे, आणि ग्रिझलीही नाही: कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली असली तरी राज्यातली शेवटची १९२०च्या दशकातच संपली. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत स्प्रेचा डबा विसरू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो, आणि मग पुढचे कित्येक दिवस ती गाडी चालवताना तुम्हीच रडत असाल.