विहिरीतलं एक मीटर म्हणजे किती पाणी?

पावसाळा सरला की दरवर्षी एक ठरलेली बातमी येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी निरीक्षण विहिरी मोजतात, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी आकडे ताडून पाहतात आणि मथळा छापून येतो: अमुक तालुक्यात भूजल पातळी दोन मीटरने वाढली. त्या दोन मीटरवर मग सगळेच हक्क सांगतात. बंधारे बांधणारे, चर खणणारे, फीत कापणारे. फेब्रुवारी उलटली की त्याच तालुक्यातून टँकरची मागणी येते. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. मीटर हे पातळीचं माप आहे, पाण्याचं नाही, एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं.

महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसाल्टवर उभी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला, थिजला आणि दख्खनचं पठार झालं. यातल्या एखाद्या थराचा उभा छेद पाहिला तर मधला भाग घट्ट काळा कातळ असतो, पाणी आत शिरेल तर फक्त भेगांतून. वरचा भाग मात्र बुडबुड्यांनी भरलेला, कारण थिजताना लाव्ह्यातला वायू वर सरकला आणि तिथेच अडकला. या पोकळ्या पाण्यासाठीच केल्यात असं वाटतं खरं, पण त्यांतल्या कित्येक एकमेकींना जोडलेल्याच नसतात आणि कित्येक झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरून गेलेल्या असतात. (जगभरचे संग्राहक ज्यांच्यावर जीव टाकतात ते आपले सुंदर झिओलाइट म्हणजे पाण्याच्या जागा बळकावून बसलेले भाडेकरू आहेत.) दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल गेरूचा पट्टा लागतो, त्यातून पाणी सहसा खाली जात नाही. राहता राहिला वरचा झिजलेला मुरूम आणि भेगा. आपली बहुतेक भूजल श्रीमंती एवढ्यातच.

आता एक हिशेब करू. मला भूजलशास्त्रात सगळ्यात आवडतो तो हाच. पंधरा लिटरची बादली घ्या. तीत नदीकाठची वाळू भरा, वाळू बुडेपर्यंत पाणी ओता आणि मग बादलीच्या बुडाला भोक पाडा. सगळं पाणी बाहेर येत नाही, काही कणांना चिकटून राहतं. जे आपणहून गळून येतं, त्याचं एकूण आकारमानाशी जे प्रमाण, त्याला म्हणतात स्पेसिफिक यील्ड. आपल्याला उपसता येतं ते एवढंच. केंद्राच्या भूजल मोजणीच्या पद्धतीत वाळूमय गाळासाठी हा आकडा १६ टक्के धरतात, म्हणजे बादलीतून जवळजवळ अडीच लिटर. झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टसाठी धरतात २ टक्के, म्हणजे ३०० मिलीलिटर. पंधरा लिटर दगडाला पिळून पेलाभर पाणी. भेगा नसलेल्या घट्ट कातळातून तर तेवढंही नाही.

या दोन टक्क्यांचा परिणाम मोठा गमतीचा आहे. समजा ७०० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहावा हिस्सा मुरला. म्हणजे ७० मिलीमीटर पाणी जमिनीत गेलं. पंजाबच्या गाळात त्याने पातळी जेमतेम ४४ सेंटीमीटर चढेल. आपल्याकडे ७० भागिले ०.०२, म्हणजे साडेतीन मीटर! पाणी तेवढंच. आमच्या मथळ्यात साडेतीन मीटर, त्यांच्या मथळ्यात अर्धा मीटरसुद्धा नाही. भांडं अरुंद असलं की पेलाभर पाण्यानेही काठोकाठ भरतं.

आणि हाच हिशेब उलटाही लागू होतो. पाचशे हेक्टरच्या शिवारात पातळी एक मीटर वाढली, तर प्रत्यक्ष मिळालेलं पाणी ५०० गुणिले १०,००० गुणिले ०.०२, म्हणजे एक लाख घनमीटर. लिटरमध्ये सांगायचं तर दहा कोटी. ऐकायला भरपूर वाटतं. उसाला वर्षाकाठी २,००० ते २,५०० मिलीमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी निदान २०,००० घनमीटर. त्यातलं काही पाऊस देतो, पाटाने दिलेल्यातलं काही पुन्हा मुरतं, हे मान्य. पण ढोबळ मानाने अख्ख्या शिवाराचं एक मीटर म्हणजे पाच हेक्टर ऊस. दुसऱ्या बाजूला, माणशी रोज ५५ लिटर धरले तर हजार वस्तीच्या गावाला वर्षाला २०,००० घनमीटर पुरतात. म्हणजे एक हेक्टर ऊस आणि हजार माणसांचं वर्षभराचं पाणी, दोन्ही सारखंच. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती, ती पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर नेई. एक हेक्टर उसाला तशा आठ गाड्या लागतील. पिण्याचं पाणी 'संपतं' ते बहुतेक वेळा असं संपतं.

पंजाबशी तुलना आणखी एका कारणासाठी करायला हवी. तिथला गाळ खोल आहे, भांडं प्रचंड मोठं. तिथे वर्षानुवर्षं भरण्यापेक्षा जास्त उपसा चालला तरी पाणी येत राहतं, फक्त मोटर खाली सरकवावी लागते. पाप लपतं. बेसाल्टात ती सोय नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरातच विहिरी तुडुंब होतात, त्यानंतरचा पाऊस जमीन घेतच नाही, तो ओढ्याने निघून जातो. म्हणून धो धो पावसाच्या वर्षाचं पाणी पुढच्या दुष्काळाला फारसं उरत नाही. दरवर्षी भरायचं, दरवर्षी रिकामं करायचं. चूक केली तर तिची शिक्षा पुढच्या पिढीला नाही, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्वतःलाच.

'मग आणखी खोल जाऊ' हे यावरचं लोकप्रिय उत्तर. इथून पुढचा एक परिच्छेद जरा जड आहे, पण वगळू नका. उथळ विहिरीत पातळी खाली जाते तेव्हा दगडातल्या भेगा खरोखर रिकाम्या होतात. खोलवरच्या, वरून घट्ट थराने झाकलेल्या भेगांतलं पाणी मात्र दाबाखाली असतं. बोअरने तिथे भोक पडलं की दाब सुटतो आणि पाणी वर उसळतं. लोक हरखतात: तीन इंची पाणी लागलं! पण भेगा रिकाम्या होत नसतात. पाणी किंचित प्रसरण पावतं, दगड किंचित आवळतो आणि तेवढंच पाणी बाहेर पडतं. त्याचा गुणांक दोन टक्के नसतो, दहा हजारात एक किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे एक मीटर पातळी उतरली की उथळ विहिरीतून २० मिलीमीटर पाणी मिळतं, इथे ०.१ मिलीमीटर. तेवढंच पाणी काढायचं तर पातळी दोनशे पट उतरवावी लागते आणि दाबातली ती घट भेगाभेगांतून भराभर दूरवर पोचते. शेजाऱ्याने बोअर मारला आणि माझा आटला, या तक्रारीमागे करणी नसते, हा गुणांक असतो. त्यात बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या भागात भोकाला आतून बसवायचा पाइप, नीट बसवलेलं नसेल तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली गळतं आणि गावची जुनी विहीर कोरडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर खोलीची मर्यादा घातली ती उगाच नाही. यंत्रं मात्र रात्रीची त्याहून खोल जातच असतात. आणि खोलवर पाताळगंगा तरी आहे का? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल भोक घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली काही मीटर जुना गाळ, त्याखाली ग्रॅनाइटच्या जातकुळीचा कठीण खडक. नदी नाही, समुद्र नाही.

जाता जाता पाणाड्याबद्दल. तळहातावर नारळ उभा राहतो, कडुनिंबाची काडी वळते, हे डोळ्यांनी दिसतं. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी ते घडतं, हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे. पण पाणाड्याची कीर्ती टिकते ती वेगळ्याच कारणाने. पावसाळ्यानंतर मुरमात कुठेही भोक पाडलं तरी थोडंफार पाणी लागतंच. प्रश्न मार्चमध्ये किती राहतं हा असतो आणि मार्चमध्ये पाणाड्याला कुणी बोलावत नाही.

आता सज्जन उपायांकडे वळू, कारण त्यांचाही हिशेब तपासायला हवा. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' यात चूक काही नाही. डोंगरउतारावरचे समतल चर, झाडोरा, बांध यांनी माती थांबते आणि मुरण्याला वेळ मिळतो. पण भरलेल्या भांड्यात आणखी ओतता येत नाही. नाला खोलीकरणाच्या उत्साहात तर भलतंच होतं: नाल्याचा तळ आजूबाजूच्या भूजल पातळीच्या खाली नेला की नाला पाणी जिरवण्याऐवजी शिवारातलंच पाणी ओढून घेतो. मग ते उन्हात चकाकतं, छायाचित्रात छान दिसतं आणि वाफ होऊन जातं. विहीर उपसून प्लास्टिक अंथरलेलं शेततळं भरणं ही त्याचीच धाकटी बहीण.

याच्या मुळाशी एक समज आहे: जेवढं मुरतं तेवढं उपसलं तर काहीच बिघडत नाही. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९४० मध्येच तो खोडून काढला होता. विहीर खणण्यापूर्वीही दरवर्षी पाणी मुरतच होतं आणि तेवढंच पाणी झऱ्यांतून, ओढ्यांतून बाहेर पडत होतं. आपण जे उपसतो ते कुणाच्या तरी वाट्याचंच असतं. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाहणारे ओढे आता दिवाळीनंतर थांबतात. त्यांचं पाणी कुठे गेलं याचा शोध ढगांत घेण्याआधी विहिरींत घ्यावा. नदी आणि विहीर या दोन बँका नाहीत, एकाच खात्याची दोन पासबुकं आहेत.

म्हणून मला हिवरे बाजारचं कौतुक वाटतं ते तिथल्या चरांपेक्षा तिथल्या वहीसाठी. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे कमी पावसाचं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर चर, बांध, झाडं सगळं झालं. पण गावाने ठरवलं ते जास्त अवघड होतं: शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पिण्याचं आणि जनावरांचं आधी बाजूला काढायचं, उरलं त्यावर रब्बी ठरवायची. पाऊस कमी तर पीक बदलायचं, विहीर खोल करायची नाही. तेलंगण वेगळं होण्यापूर्वीच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांतही शेतकऱ्यांनी हेच केलं. स्वतःच्या विहिरी स्वतः मोजल्या, आकडे गावात सर्वांसमोर मांडले आणि भातासारखी तहानलेली पिकं आपणहून कमी केली, त्यासाठी कुणी अनुदान दिलेलं नसताना.

तुमच्या गावात हे करून पाहायला मोजपट्टी, दोरी आणि वजनाला एक दगड पुरतो. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून दहाबारा विहिरी निवडा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी मोटारी चालू व्हायच्या आधी मोजा, मग मेअखेरीस मोजा. दोन मापांतल्या फरकाची सरासरी गुणिले शिवाराचं क्षेत्र गुणिले ०.०२. उत्तर येईल ते बहुतेक सगळ्यांनी मनात धरलेल्यापेक्षा बरंच लहान असेल. पहिल्या वर्षी भांडण होईलच, कारण वरच्या अंगाची विहीर आधी आटते आणि ऊस बहुधा खालच्या अंगाला असतो.