3 बाद 191 वरून हरलो कसे?

23 जुलै 2017, रविवार. जुलै महिन्यात सांगलीत एरवी एकच आकडा विचारला जातो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. त्या संध्याकाळी मात्र लोक लॉर्ड्सचा स्कोअर विचारत होते. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर इंग्लंड आणि आपल्याकडून सलामीला सांगलीच्याच माधवनगरची स्मृती मानधना. 229 धावांचं लक्ष्य होतं. भारत 3 बाद 191 वर होता, 43 चेंडूंत 38 धावा हव्या होत्या. तिथून शेवटच्या सात विकेट 28 धावांत गेल्या आणि आपण 9 धावांनी हरलो.

‘पोरींनी दडपण घेतलं’ हे कारण तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर ऐकलं आणि आजही कुठे विषय निघाला की ऐकू येतं. खोटं नाही ते. पण दडपण त्या दिवशी आभाळातून पडलेलं नव्हतं. त्यामागे बरीच वर्षं आहेत.

आधी सामना. इंग्लंडचा डाव 7 बाद 228 वर थांबला, त्यात मोठा वाटा झुलन गोस्वामीचा. सारा टेलर आणि नताली सिव्हर जमल्या होत्या, झुलनने टेलरला काढलं आणि लगेच पुढच्या चेंडूवर आणखी एकीला. 10 षटकांत 23 धावा देऊन 3 बळी. आपल्या डावात स्मृती शून्यावर त्रिफळाचीत झाली, कर्णधार मिताली राज 17 वर धावबाद झाली. मग पूनम राऊत आणि हरमनप्रीत कौरने 95 धावांची भागीदारी केली. हरमनप्रीत 51 वर गेली, पूनमच्या जोडीला वेदा कृष्णमूर्ती आली आणि धावा पळू लागल्या. 43 व्या षटकात पूनम 86 वर पायचीत झाली. तिथून अन्या श्रबसोलचा चेंडू जिथे पडेल तिथे विकेट. 46 धावांत 6 बळी घेतले तिने.

पूनम गेल्यावर मैदानात उरलेल्यांपैकी किती जणींनी असा पाठलाग आधी पूर्ण केला होता? म्हणजे भरलेलं मैदान, समोर वेगवान गोलंदाज, चेंडूमागे एक धाव पुरेशी आहे आणि तरीही डोकं शांत ठेवायचं, असा. हा सराव नेटमध्ये होत नाही, तो सामन्यांतच होतो. आणि सामने नव्हते.

महिलांचा पहिला विश्वचषक 1973 साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. भारतीय महिला क्रिकेट संघटनाही त्याच वर्षीची. पण 1988 च्या विश्वचषकात भारताचा संघ नव्हताच. 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं, तेव्हा वाटलं आता दिवस पालटणार. त्यानंतर आठ वर्षं महिला संघ एकही कसोटी खेळला नाही. 2014 मध्ये वॉर्म्सलीला इंग्लंडविरुद्ध कसोटी मिळाली, तेव्हा संघात आठ जणी पदार्पण करणाऱ्या होत्या, त्यात 18 वर्षांची स्मृती. दुसऱ्या डावात तिने अर्धशतक केलं आणि आपण जिंकलोही.

2013 चा विश्वचषक तर घरच्याच अंगणात होता. मुंबई रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचली म्हणून वानखेडे महिलांना मिळालं नाही, सामने दुसऱ्या मैदानांवर हलवले. भारत गटातच बाद झाला, श्रीलंकेकडूनही हरला. त्या पराभवाची चर्चा किती झाली आठवतं का? मला तर नाही आठवत.

पैशाचीही तीच कथा. महिला खेळाडूंना बीसीसीआयचे वार्षिक करार 2015 मध्ये मिळाले. त्याआधी क्रिकेटवर पोट चालवायचं तर रेल्वेची नोकरी हाच भरवशाचा मार्ग होता. म्हणूनच देशांतर्गत स्पर्धांमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं बाकीच्यांना धूळ चारत राहिला. चांगल्या खेळाडू एकाच संघात आणि उरलेल्या राज्यांत उत्साही पोरी, मग चुरशीचा सामना होणार कुठून? इंग्लंडने 2014 मध्येच आपल्या खेळाडूंना पूर्णवेळ व्यावसायिक करार दिले. ऑस्ट्रेलियात 2015 पासून महिलांची बिग बॅश ही टी-ट्वेंटी लीग सुरू झाली, इंग्लंडची लीग 2016 मध्ये. आपल्या खेळाडूंना परदेशी लीग खेळायची परवानगी मिळाली 2016 मध्ये, आणि त्या हंगामात गेल्या दोघीच, हरमनप्रीत आणि स्मृती. हरमनप्रीतने विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला 115 चेंडूंत नाबाद 171 मारल्या, तो मला तरी योगायोग वाटत नाही.

स्मृतीचं मात्र वेगळंच झालं. बिग बॅशमध्ये ब्रिस्बेनकडून खेळताना तिच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ती जेमतेम विश्वचषकापर्यंत सावरली. पहिल्या दोन सामन्यांत 90 आणि नाबाद 106. सांगलीत आम्ही तेव्हाच मिरवणुकीचा मार्ग ठरवून टाकला होता! पुढच्या सात डावांत मिळून 36 धावा, शेवटचा भोपळा लॉर्ड्सवर.

सांगलीचं इथं थोडं सांगायला हवं. क्रिकेट या गावाला नवं नाही. विजय हजारेंचा जन्म सांगलीचा, 1915 चा. 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार तेच होते. त्याआधी 1948 मध्ये ॲडलेडला त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली आणि तरी भारत डावाने हरला. एकट्याने कितीही ओढलं तरी सामना संघालाच जिंकावा लागतो, हे सांगलीकराला खरं तर तेव्हापासून कळायला हवं होतं.

पण हजारेंच्या गावातही मुलींचं क्रिकेट म्हणजे अपवादच. स्मृतीचे वडील आणि भाऊ सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, घरात बॅट होती, म्हणून ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालील संघात पोहोचली. 2013 मध्ये याच वयोगटात गुजरातविरुद्ध तिने एकदिवसीय सामन्यात नाबाद 224 केल्या. कौतुकाचीच गोष्ट. पण उलटं वाचा ना. नऊ वर्षांची मुलगी पंधराच्या संघात जाते यात तिची गुणवत्ता दिसते, तशी स्पर्धेला मुली किती कमी होत्या हेही दिसतं. आमच्याकडे टेनिस बॉलच्या नाइट टूर्नामेंटला मंडप, माईक, ट्रॉफ्या सगळं असतं. मुलींचा संघ त्यात मी अनेक वर्षं पाहिला नाही.

लॉर्ड्सनंतर हाच खेळ पुन्हा पुन्हा झाला. 2018 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 112 वर सगळे बाद, आणि मिताली संघाबाहेर. त्या निर्णयावरून जे भांडण पेटलं, त्यात पराभवाची खरी कारणं बाजूलाच राहिली. 2020 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मेलबर्नला 86 हजारांवर प्रेक्षक होते. आपला उपांत्य सामना पावसात वाहून गेलेला, म्हणजे आठवडाभर स्पर्धेतला एक चेंडूही न खेळता संघ थेट त्या गर्दीसमोर. पहिल्याच षटकात अलिसा हीलीचा झेल सुटला, तिने 39 चेंडूंत 75 केल्या आणि आपण 99 वर बाद. 2022 ला राष्ट्रकुलच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 162 चा पाठलाग करताना 2 बाद 118 वरून सर्वबाद 152. पराभव पुन्हा 9 धावांनीच. 2023 मध्ये केपटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीतची बॅट खेळपट्टीत अडकली, ती धावबाद झाली आणि 5 धावांनी गेलो. बॅट अडकणं हे दुर्दैव म्हणू. बाकीच्यांना दुर्दैव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बदललं ते मुळाशी. ऑक्टोबर 2022 मध्ये पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, स्मृतीला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली आणि 2024 चं विजेतेपद तिच्या बंगळुरू संघाने घेतलं. पैशाची बातमी मोठी झाली, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. या लीगमध्ये विशी-बाविशीच्या मुलींना शेवटच्या षटकात दहा-बारा धावा हव्यात, समोर ऑस्ट्रेलियाची गोलंदाज आणि मैदान भरलेलं, असे प्रसंग हंगामात कितीदा तरी येतात. पूनम राऊतनंतर आलेल्यांना ते मिळाले नव्हते.

रोग एका फटक्यात गेला असंही नाही. 2025 च्या विश्वचषकात इंदूरला इंग्लंडविरुद्ध 289 चा पाठलाग करताना स्मृती 88 वर बाद झाली आणि जिंकत आलेला सामना 4 धावांनी निसटला. त्या रात्री सांगलीत पुन्हा तोच शब्द, दडपण. अकरा दिवसांनी नवी मुंबईत उपांत्य सामन्यात याच संघाने ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार केल्या, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127. आणि 2 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला.

लॉर्ड्सच्या अकरा जणींपैकी त्या अंतिम सामन्यात तिघीच होत्या. स्मृतीने 45 केल्या. 2017 ला 14 धावांवर झेल देऊन परतलेल्या दीप्ती शर्माने 58 धावा केल्या आणि 5 बळी घेतले. पाचव्या बळीचा झेल हरमनप्रीतने घेतला.