कडक पथ्य आणि लवचीक पथ्य: फरक कळतो तो मोडल्यावर

शस्त्रक्रिया न करता वजन उतरवायचं म्हटलं की आहार, व्यायाम, औषध यांपैकी काहीही चालू असो, रोजचं खाणं आवरण्याचं काम रुग्णालाच करावं लागतं. हे आवरणं दोन तऱ्हांचं असतं आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं. दोघंही मोजून वाढून घेतात, दोघंही दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. पहिल्या महिन्यात काट्यावरचा आकडाही दोघांचा साधारण सारखाच उतरतो.

कडक पथ्यवाल्याचे नियम ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच. साखर बंद म्हणजे बंद, रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही. लवचीक पथ्यवाल्याला कुठलाच पदार्थ वर्ज्य नसतो, प्रमाण मात्र ठरलेलं असतं. एखाद्या जेवणात जास्त झालं तर पुढच्या जेवणात तो थोडं आवरतं घेतो.

आता दोघांनीही दुपारी चारला, कामाच्या गडबडीत, समोर आलेली दोन बिस्किटं खाल्ली असं धरू. लवचीक पथ्यवाला मनात नोंद करतो आणि कामाला लागतो. कडक पथ्यवाल्याच्या डोक्यात वेगळंच सुरू होतं: ‘आजचा दिवस गेलाच. आता काय, उद्यापासून परत नीट.’ आणि ‘उद्यापासून’ ठरलं म्हणजे आज मोकळं रान! पुडा संपतो, रात्रीचं जेवणही हाताबाहेर जातं. वजनाला जड जातो तो हा पुढचा भाग. त्या दोन बिस्किटांनी फारसं काही बिघडलं नव्हतं.

हे प्रयोगशाळेत फार पूर्वी दिसलं आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 साली काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही आणि मग चव तपासण्याच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिकच आहे. सतत खाणं आवरणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिवी यांना असंही आढळलं की आधी खाल्लेल्या पदार्थात कॅलरी भरपूर आहेत, असा नुसता समज झाला तरी अशी माणसं जास्त खातात. म्हणजे बांध फुटतो तो ‘नियम मोडला’ या विचाराने. पोटात किती गेलं हा मुद्दा मागे पडतो.

त्या काळी खाणं आवरणाऱ्या सगळ्यांना एकाच गटात मोजत. कडक आणि लवचीक अशी फोड 1991 मध्ये जर्मनीतल्या योआखिम वेस्टनहोफर यांनी केली. कडक आवरणाऱ्यांमध्ये ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं, लवचीक आवरणाऱ्यांमध्ये कमी. अर्थात, ज्यांचा ताबा मुळातच लवकर सुटतो तेच कडक नियमांचा आधार घेत असतील, ही शंकाही रास्त आहे.

लवचीक म्हणजे ढिलं, असा सोयीचा अर्थ मात्र कुणी काढू नये. ‘मन मारायचं नाही’ म्हणत मनात येईल ते खाणं हे पथ्यच नव्हे. लवचीक पथ्यात हिशेब रोजचा असतो, फक्त एका चुकीवर वही बंद होत नाही.

आणि कडक पथ्य नेहमीच वाईट, असंही नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना 3 ते 5 महिने नेहमीच्या जेवणाऐवजी दिवसाला साधारण 850 कॅलरींचे तयार शेक आणि सूप दिले होते. याहून कडक काय असणार? तरीही वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. पण तिथे कडकपणाला मुदत होती, प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञांची देखरेख होती आणि नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्याने परत सुरू केलं होतं. मुदत नाही, देखरेख नाही आणि स्वतःच स्वतःवर लादलेलं कडक पथ्य ही वेगळी गोष्ट.

म्हणून ‘पथ्य पाळता का?’ या प्रश्नातून तपासणाऱ्याला फारसं कळत नाही. ‘मोडलं तर त्यानंतरच्या जेवणाला काय करता?’ हे विचारावं. उत्तरात आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, थोड्या वेळात खूप खाणं, ताबा न राहणं आणि नंतर स्वतःचीच किळस येणं, असं निघालं तर मामला पथ्याचा राहत नाही. ते बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतं. अशा वेळी नियम आणखी आवळण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं.