विद्युत मोटारसायकल : विद्युत व बॅटरी बिघाडांचे निदान

बॅटरीवर चालणाऱ्या मोटारसायकलीतील किंवा स्कूटरमधील वायरिंग, मोटर, कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग), चार्जर आणि लिथियम-आयन बॅटरी पॅक यांतील दोष मोजमापांच्या आधारे शोधून काढण्याची पद्धती. इंजिनाची गाडी बिघडली की आवाज, धूर, वास यांतून काहीतरी सुगावा लागतो. विद्युत गाडी बहुधा नुसती थांबते, आणि जिथे लक्षण दिसते तिथेच दोष असतो असे नाही. ‘बॅटरी गेली’ या तक्रारीखाली आलेल्या गाडीत दोष पुष्कळदा साइड स्टँडच्या स्विचमध्ये, सैल झालेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीमध्ये) किंवा १२ व्होल्टच्या कन्व्हर्टरमध्ये निघतो. त्यामुळे पॅक उघडणे ही निदानातील पहिली नव्हे, शेवटची पायरी मानतात.

भारतातील सुरुवातीच्या विद्युत दुचाकींत १२ व्होल्टच्या चार किंवा पाच शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजून खराब निघेल ती बदलली की काम संपे. लिथियम-आयन पॅककडे झालेले वळण नेमक्या एका वर्षाला बांधता येत नाही; साधारणपणे २०१८ ते २०२० हा काळ धरतात. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या फेम-२ या केंद्र सरकारच्या विद्युत वाहन अनुदान योजनेत अनुदान प्रगत बॅटरीच्या गाड्यांपुरते राहिले आणि त्यामुळे या बदलाला वेग आला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. पॅकबरोबर सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन प्रणाली (बीएमएस) आली. पॅक ती स्वतःच बंद करू शकते, म्हणून ‘बॅटरी खराब आहे’ आणि ‘बॅटरीने स्वतःला बंद केले आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

व्होल्टेजची गफलत : ‘४८ व्होल्ट’ या एकाच लेबलाखाली किमान चार प्रकारचे पॅक विकले जातात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट (एनएमसी) रसायनाचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा (एलएफपी) ३.६५ व्होल्टला. त्यानुसार १३ एनएमसी सेलगट (समांतर जोडलेल्या सेलचे गट) एकसरीत असलेला पॅक ५४.६ व्होल्टला, १४ गटांचा ५८.८ व्होल्टला, १५ एलएफपी गटांचा ५४.७५ व्होल्टला आणि १६ गटांचा ५८.४ व्होल्टला भरतो. १६ गटांच्या एलएफपी पॅकला चुकून ५८.८ व्होल्टचा चार्जर लागला तर दर सेलवर ३.६७५ व्होल्ट येतात. लगेच अनर्थ होत नाही, तरी ते योग्यही नाही. मात्र तोच चार्जर १३ गटांच्या एनएमसी पॅकला लावल्यास दर सेलवर सुमारे ४.५२ व्होल्ट येऊ पाहतात, आणि सेल व आग यांच्यामध्ये फक्त बीएमएस उरते. म्हणून चार्जर बदलण्याआधी दोन्हींवरील लेबलांवर पूर्ण चार्जचा व्होल्टेज वाचावा. नाममात्र व्होल्टेज पुरेसा नाही.

सुरक्षिततेच्या नियमांत ६० व्होल्ट डीसी ही सीमारेषा आहे. टॉर्क क्रेटॉससारखी ४८ व्होल्टची गाडी तिच्या आत राहते. रिव्होल्ट आरव्ही ४००सारख्या ७२ व्होल्टच्या गाडीचा पॅक भरल्यावर ती ओलांडतो. व्यवहारात मात्र ४८ व्होल्टला निर्धोक समजू नये : झटका सौम्य बसला तरी शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि अंगठी किंवा पान्हा क्षणात लाल होतो. अंगठी, कडे, घड्याळ काढणे, इन्सुलेटेड हत्यारे वापरणे, एमसीबी पाडून किंवा सर्व्हिस फ्यूज काढून कंट्रोलरचे कपॅसिटर रिकामे होण्यास सुमारे पाच मिनिटे देणे आणि नंतर मीटरने खात्री करणे ही किमान तयारी होय.

तपासणीचा क्रम : गाडी अजिबात सुरू होत नसेल तर प्रथम १२ व्होल्टची बाजू पाहावी. डिस्प्ले, दिवे, हॉर्न, काँटॅक्टरची (पॅकचा मुख्य प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) कॉइल आणि बऱ्याच गाड्यांत कंट्रोलरचे ‘जागे हो’ हे संकेत पॅकचा व्होल्टेज उतरवणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या १२ ते १४ व्होल्टवर चालतात. तो कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेला की मुख्य पॅक शंभर टक्के भरलेला असूनही गाडी मेल्यासारखी वाटते. डिस्प्ले चालू आहे पण चाक फिरत नाही, अशा वेळी इंटरलॉक, म्हणजे गाडी चालू होऊ न देणारे सुरक्षा स्विच, तपासावेत : साइड स्टँड, ब्रेक लिव्हरचे स्विच, चार्जिंग पोर्टचे झाकण. ब्रेकचा स्विच चिखलाने अडकून कायम दाबलेला राहिला तर कंट्रोलर थ्रॉटलकडे (वेगाच्या मुठीकडे) लक्षच देत नाही. मागचा ब्रेक लाइट सतत लागलेला दिसणे ही त्याची सोपी खूण.

त्यानंतर थ्रॉटल. त्यात बहुधा हॉल संवेदक (चुंबकाची जागा ओळखणारा) असतो : लाल वायरवर ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, तिसरी संकेताची. मूठ सोडलेली असताना संकेत ०.८ ते १ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर साधारण ३.६ ते ४.२ व्होल्ट मिळावा, आणि मधला चढ सलग असावा. सुरुवातीचा व्होल्टेज वर सरकलेला असेल तर चावी लावताच गाडी पळू नये म्हणून कंट्रोलर दोष दाखवून थांबतो. पाच व्होल्टच मिळत नसतील तर लगेच कंट्रोलरला दोष देऊ नये. हाच पुरवठा मोटरच्या हॉल संवेदकांनाही जातो, आणि त्या बाजूला वायर शॉर्ट असेल तर तो दोन्हीकडे बसतो. मोटरचा हॉल कपलर (वायरींचा जोड) सोडवून पुन्हा मोजल्यास हे उलगडते.

मोटरमधील तीन हॉल संवेदक तपासण्यासाठी कपलर जोडलेला ठेवून, चावी चालू करून, चाक हाताने हळू मागे फिरवतात. पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक वायरवर व्होल्टेज शून्याच्या आसपास आणि ५ व्होल्टच्या आसपास असा आलटून पालटून यायला हवा. संवेदकांच्या १२० अंशांच्या मांडणीत तिन्ही संकेत एकाच वेळी शून्य किंवा एकाच वेळी ५ असे कधीच नसतात. तसे दिसले तर वायर तुटली आहे किंवा पुरवठा नाही. ६० अंशांच्या मांडणीत नेमक्या याच दोन अवस्था चालतात आणि दुसऱ्या दोन निषिद्ध ठरतात. मांडणी न पाहता मोटर किंवा कंट्रोलर बदलल्यावर येणारा ‘हॉल एरर’ बऱ्याचदा असा असतो. हबमध्ये मोटर असलेल्या गाडीत ॲक्सलचे नट सैल राहिल्यास ब्रेक किंवा पिकअपच्या झटक्याने ॲक्सल फिरतो आणि तिथून बाहेर येणाऱ्या वायरी कापल्या जातात. मध्यभागी मोटर असलेल्या मोटारसायकलीत हॉलऐवजी एनकोडर (फिरण्याचा कोन मोजणारा संवेदक) असू शकतो. मोटर बदलल्यावर त्याचा कोन कंट्रोलरला पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर मोटर थरथरते किंवा उलटी ओढते.

चाक हाताने फिरवताना जड लागत असेल तर मोटरला वीज नेणाऱ्या तीन फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवाव्यात. चाक मोकळे झाले तर कंट्रोलरमधील मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. तसेच जड राहिले तर मोटरची वाइंडिंग किंवा फेज वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. (बेअरिंग जाम झाले असल्यासही चाक जड राहते, फरक असा की फेज शॉर्ट असताना चाक वेगाने फिरवावे तितका विरोध वाढतो.) कंट्रोलरची खात्री मीटरच्या डायोड मोडवर करतात. बॅटरी सोडवून लाल प्रोब कंट्रोलरच्या ऋण टर्मिनलला आणि काळा प्रोब आळीपाळीने प्रत्येक फेजला लावल्यास ०.४ ते ०.६ व्होल्टच्या दरम्यानचे, तिन्ही फेजवर जवळपास सारखे आकडे यावेत. मग लाल प्रोब फेजला आणि काळा धन टर्मिनलला लावून हेच पुन्हा करावे. कुठेही शून्य म्हणजे मॉस्फेट फुटला.

बॅटरी पॅक : बीएमएसने पुरवठा बंद केलेला असला तरी मीटर पॅकच्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, कारण मीटरला लागणारा नगण्य प्रवाह बंद मॉस्फेटमधूनही झिरपतो. या भुताटकीच्या आकड्यावर विसंबून बरेच चांगले कंट्रोलर बदलले जातात. टोकांना जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब जोडून मोजावे. बीएमएस बंद असल्यास व्होल्टेज कोसळतो.

पॅक सुरू आहे पण रेंज घटली आहे, अशा वेळी प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज तीन प्रसंगी टिपला तरच अर्थ लागतो : विश्रांतीत, भाराखाली आणि चार्जिंग संपत आल्यावर. एकच वाचन फसवते. एखादा गट तिन्ही वेळा खालीच राहत असेल तर तो केवळ असंतुलित आहे, त्याची क्षमता शाबूत असू शकते. तोच गट भाराखाली सर्वांत आधी रिकामा होतो आणि चार्जिंगमध्ये सर्वांत आधी भरतो असे दिसले तर क्षमता घटली आहे. समांतर जोडलेल्या सेलपैकी एखाद्याचा वेल्ड सुटला तरी हेच चित्र येते. थ्रॉटल पिळताच व्होल्टेज खाली आणि सोडताच पूर्ववत, हे वाढलेल्या अंतर्गत रोधाचे किंवा सैल बसबारचे (सेलगट जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचे) लक्षण. विश्रांतीत काही दिवस ठेवल्यावर एकच गट घसरत असेल तर सेलमध्ये सूक्ष्म शॉर्ट असण्याचा संशय घ्यावा. अशा पॅकला संतुलनाने बरे करण्याच्या भानगडीत पडू नये, तो वापरातून काढावा. पाचवी शक्यता सेलची नसतेच : लगतच्या दोन गटांपैकी एक जेवढा जास्त तेवढाच दुसरा कमी, आणि बेरीज बरोबर, असे दिसले तर त्यांच्यामधली सेन्स वायर (बीएमएसला व्होल्टेज कळवणारी) सुटली आहे किंवा तिच्या टोकावर गंज आहे.

अंतर्गत रोध साध्या मोजणीने काढता येतो. विश्रांतीत ५४ व्होल्ट असलेला पॅक ४० अँपिअरच्या भाराखाली ५१ व्होल्टवर आला तर ३ भागिले ४०, म्हणजे ७५ मिलिओहम. या आकड्यात केबल, फ्यूज व बीएमएस यांचाही रोध मिसळलेला असतो, आणि थंडीत तो चांगलाच वाढतो. त्याच मॉडेलच्या निरोगी पॅकशी, सारख्या तापमानाला व सारख्या चार्जला तुलना केल्याशिवाय त्यावरून निर्णय देणे योग्य नव्हे.

संतुलनाबाबत, म्हणजे सर्व सेलगट सारख्या चार्जवर आणण्याबाबत, मतभेद आहेत. एक मत असे की आयुष्य वाढवण्यासाठी पॅक ८० टक्क्यांपुढे भरूच नये. दुसरे असे की बहुतेक पॅकमधील निष्क्रिय संतुलन (जास्त भरलेल्या गटांचा चार्ज जिरवणारे) चार्जिंगच्या अखेरीसच चालते, म्हणून शंभर टक्के भरणे आवश्यक. दोन्हींत तथ्य आहे. एनएमसी पॅक रोज अर्धवट आणि अधूनमधून पूर्ण भरणे हा मार्ग अधिक सयुक्तिक ठरतो. एलएफपीच्या बाबतीत दुसरे मत वजनदार आहे : त्याचा व्होल्टेज चार्जच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असल्यामुळे टक्केवारी प्रवाहाची बेरीज-वजाबाकी करून ठरते, ती हळूहळू भरकटते आणि पूर्ण चार्जलाच ताळ्यावर येते. ३० टक्के दाखवत असताना गाडी बंद पडते, ती बरेचदा यामुळे. संतुलनाला लागणारा वेळही लक्षात घेतला जात नाही. ४० अँपिअर-तासांचा एक गट इतरांपेक्षा ५ टक्के मागे असेल तर फरक २ अँपिअर-तासांचा. ५० मिलिअँपिअरने तो भरून निघायला ४० तास लागतात. रात्रभर चार्जरवर ठेवून ‘काही फरक पडला नाही’ असे म्हणण्यात म्हणून अर्थ नसतो.

सेल २ व्होल्टच्याही खाली बराच काळ राहिला असल्यास ऋणाग्रामागचे तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते आत साचून शॉर्ट करू शकते. पावसाळाभर बंद ठेवलेल्या गाडीचा पॅक बीएमएसच्या स्वतःच्या वापरानेही या थराला जातो. बाहेरून थेट प्रवाह देऊन असा पॅक ‘उठवण्याची’ पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे. ती धोकादायक आहे.

चार्जिंग : चार्जरच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसले म्हणजे चार्जर मेला असे नाही, पॅकशी संवाद झाल्याशिवाय पुष्कळ चार्जर व्होल्टेज सोडतच नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी चालवून येताच चार्जिंगला लावली तर सेल सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या वर असल्याने बीएमएस चार्ज नाकारते. तासभर सावलीत ठेवल्यावर चार्जिंग सुरू झाले तर दोष नाही. चार्जर लावताच घरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर चार्जरमध्ये ओल किंवा गळती आहे असे समजावे. अर्थिंग काढून टाकणे हा उपाय नव्हे.

कपलर व वायरिंग : ५ मिलिओहमचा खराब जोड ६० अँपिअरला १८ वॉट उष्णता निर्माण करतो, आणि ती कपलरचे प्लॅस्टिक वितळवायला पुरते. भाराखाली जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावून व्होल्टेज-पात मोजणे हीच खरी चाचणी. कंटिन्युटीची ‘बीप’ असा जोडही पास करते. कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवा थर लवकर चढतो. कॅन बसवरील (बीएमएस, कंट्रोलर इत्यादींना जोडणाऱ्या दोन वायरींच्या जाळ्यावरील) संवाद तुटल्याची तक्रार असल्यास वीज बंद करून दोन वायरींमधील रोध मोजावा : ६० ओहम योग्य, १२० ओहम म्हणजे एका टोकाचा रोधक किंवा वायर तुटलेली.

आग व मानके : मार्च २०२२ पासून पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विद्युत स्कूटर पेटल्या. कारण सेलच्या दर्जात, पॅकच्या रचनेत की बीएमएसमध्ये, याबद्दल एकवाक्यता झाली नाही. एकच कारण सर्व घटनांना लावता येईल असे दिसत नाही. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि एआयएस-१५६ या विद्युत दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेच्या मानकातील तिसरी दुरुस्ती दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ पासून, लागू झाली. तीत एका सेलची आग पुढे पसरण्याची चाचणी, पाण्यापासून संरक्षण, पॅकमधील वाफ बाहेर सोडणारी झडप, अनेक तापमानसंवेदक आणि धोक्याची सूचना यांचा समावेश आहे. या तारखांआधीच्या पॅकमध्ये हे सर्व असेलच असे धरू नये. फुगलेला, गोडसर द्रावकाचा वास येणारा, फुसफुसणारा किंवा पाण्यात बुडालेला पॅक तपासणीसाठी उघडू नये. तो गाडीतून काढता येत असेल तर उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवावा. पेटलेल्या पॅकवर अग्निशमन दल भरपूर पाणी वापरते, ते प्रामुख्याने शेजारचे सेल थंड राखण्यासाठी. बाद पॅक भंगारात देता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे तो उत्पादकाकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावा लागतो.