खंभातच्या आखातातली चालती वाळू

बडोद्याहून कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला निघायचं तर आधी ओहोटी कितीला आहे ते बघावं लागतं. भरतीत पिंड पाण्याखाली जाते. पाणी हटलं की ओल्या किनाऱ्यावर कुठेकुठे बोटभर उंचीच्या वळ्या उमटलेल्या दिसतात. जहाजांच्या मार्गात तळाशी उभ्या राहणाऱ्या वाळूच्या लाटा या वळ्यांच्या नात्यातल्याच, पण चुलत. त्यांची उंची 2 ते 10 मीटर आणि दोन माथ्यांमधलं अंतर शंभर मीटरपासून कित्येक शे मीटरपर्यंत असतं.

आपलं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होतं, म्हणून भावनगरकडे उधाणात पाण्याची चढ-उतार 10 मीटरपर्यंत जाते. प्रवाहही तसाच जोरकस. इथला तळ फसवा आहे ही बातमी जुनी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भरूचच्या वाटेवरच्या उथळ जागांची भीती नोंदली आहे, आणि राजाचे स्थानिक कोळी पुढे जाऊन परकी जहाजं नर्मदेत आणत, हेही. नकाशा नव्हता, पण वाट सरकते हे त्यांना ठाऊक असणार.

शास्त्राला उशीर लागला, कारण शिसं बांधलेला दोर सोडून एकेका जागेची खोली कळते, तळाचा आकार नाही. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून सलग खोली मोजणारी यंत्रं आल्यावर, 1930च्या दशकात, डच अभियंता योहान व्हान व्हीन यांनी उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातल्या या लाटा मोजून मांडल्या.

पण पाणी जातं तसंच परत येतं, मग ढीग होतोच कसा? खरी गंमत इथे आहे. तळावर जरासा उंचवटा असला की भरती आणि ओहोटी, दोन्ही प्रवाह त्यावरून जाताना विस्कटतात. एकमेकांना ते जवळपास खोडतात, पूर्ण नाही. सरासरी काढली तर तळालगत दोन्ही बाजूंनी माथ्याकडे जाणारी बारीकशी ओढ शिल्लक राहते. कण चढतात, वजनाने घसरतातही. चढणं जास्त झालं की लाट वाढते. सुझान हुल्शर यांनी 1996 मध्ये हे गणितात बसवलं. लाट पुढे सरकायला मात्र वेगळं कारण लागतं: भरती थोडा वेळ पण वेगात आणि ओहोटी संथ, किंवा एकाच दिशेचा कायमचा प्रवाह. मग ती वर्षाला काही मीटर, कधी काही दहा मीटर चालते.

जहाजाचा प्रश्न फक्त माथ्याशी असतो, म्हणून ड्रेजर, म्हणजे तळ उपसणारी जहाजं, माथे छाटतात. काही काळाने ते पुन्हा वर येतात. वाळूही तिथेच आणि प्रवाहही तोच, दुसरं काय होणार? मोजणी पुन्हा पुन्हा करावीच लागते.

भावनगरजवळच्या घोघ्याहून आखातापलीकडे दहेजला जाणारी फेरीबोट ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा बडोद्यात कौतुक होतं. दहेजच्या बाजूला गाळ भरून खोली कमी पडली. तो भराव होता, लाटा नव्हेत, पण सूत्रधार तीच भरती-ओहोटी. नोव्हेंबर 2020 मध्ये ही सेवा दहेजऐवजी सुरतेजवळच्या हजिऱ्याहून सुरू झाली. बडोदेकराला भावनगर गाठायचं तर आता सुरतेपर्यंत उतरण्यापेक्षा वटामण चौकडीवरून आखाताला वळसा घालणंच सोयीचं पडतं.