२,१४,७४,८३,६४७: मूळ संख्या आणि २०३८ ची अडचण

२०३८ मध्ये अनेक संगणकांची वेळ मोजायची जागा संपणार, या अडचणीची चर्चा निघाली की हा आकडा येतोच: दोनचा ३१ वा घात, वजा एक. त्याची कीर्ती मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची. १६४४ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने अशा रूपाच्या (दोनचा घात वजा एक) मूळ संख्यांची यादी दिली. यादीत चुका होत्या, पण ३१ चा दावा खरा निघाला. १७७२ मध्ये तो सिद्ध झाला. विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे आधी दाखवलं गेलं. मग ४६,३४० पर्यंत पावणेचारशेच्या आत भागाकारांत काम आटोपलं. अशा संख्यांपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्यांचा (स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असणाऱ्या संख्यांचा) उपयोग शून्य, त्यामुळे याहून मोठी कुणी शोधणारही नाही, असं १८११ च्या एका इंग्रजी ग्रंथात ठामपणे लिहिलंय. उपयोग पुढे निघाला. १९६९ पासून संगणकावर रँडम आकडे काढायच्या एका गाजलेल्या पद्धतीत हीच संख्या भाजक आहे, आणि तिथे तिचं मूळ असणं कामी येतं.

२०३८ शी मात्र या मूळ असण्याचा काडीचा संबंध नाही. तिथला वाद आहे एका बिटाचा, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या एका जागेचा. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या जुन्या प्रणालीत वेळ आधी सेकंदाच्या साठाव्या भागात मोजत. वेळेसाठी ठेवलेले ३२ बिट त्याने सव्वादोन वर्षांत भरायचे. म्हणून सेकंद आले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ठरला. पण ३२ पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला दिला. तो दिला नसता तर गणती २१०६ पर्यंत पुरली असती. ‘एवढंही कळलं नाही?’ हा प्रश्न आज सोपा आहे. त्या काळच्या सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चिन्हाविना पूर्णांकाचा प्रकारच नव्हता, आणि १९७० च्या आधीच्या तारखाही लिहिता यायला हव्या होत्या. माझ्या मते दोष द्यायचाच, तर १९९० नंतरही तोच साचा डोळे झाकून वापरणाऱ्यांना द्यावा.

१९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, चिन्हाचा बिट सोडून बाकीचे ३१ बिट १ होतील, म्हणजे गणती याच आकड्यावर पोचेल. पुढच्या सेकंदाला हातचा चिन्हाच्या बिटात जाईल, आकडा उणे होईल आणि तारीख दिसेल १४ डिसेंबर १९०१ (जागतिक प्रमाणवेळेनुसार १३ डिसेंबर). वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणाऱ्या प्रोग्रॅमला ही भिंत २०१८ पासूनच लागू शकते.

वेळेचा संबंध नसतानाही हीच मर्यादा २०१४ मध्ये आडवी आली: एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या तिच्यापलीकडे गेली आणि मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. ६४ बिटांची नवी मर्यादा सेकंदांत २९ हजार कोटी वर्षांहून जास्त पुरते. ती मूळ संख्या नाही. तिला ७ ने दोनदा भाग जातो. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० मध्ये ६४ बिटांच्या वेळेची सोय झाली. राहिली आहेत ती जुन्या फाइलींची ठरलेली मांडणी आणि भिंतीत, यंत्रांत बसवलेली, कुणी अपडेट न करणारी छोटी उपकरणं.